चित्रात शिरलेला मांत्रिक

मंडळी, आज तुम्हांला कोरिया देशात न्यायचे आहे. चीनच्या पूर्व अंगाला समुद्रात उतरलेला हा द्वीपकल्प. डोंगर फार, सपाट जमीन थोडी, आणि त्या थोड्या जमिनीत भात पिकवून जगणारे लोक. कोरिया म्हटले की आपल्याला १९५० ते १९५३ चे युद्ध आठवते, नाही तर तिकडून येणाऱ्या मोटारी आणि टेलिव्हिजन. आजची गोष्ट मात्र यंत्राची नाही आणि तोफांचीही नाही. ती एका मांत्रिकाची आहे आणि तो मांत्रिक गेली पाचशे वर्षे काही केल्या मरत नाही.

निमित्त आहे एका चित्रपटाचे. २००९ च्या डिसेंबरात दक्षिण कोरियात ‘जन ऊ-ची’ नावाचा चित्रपट लागला. दिग्दर्शक चे दोंग-हून. त्याची साठ लाखांहून अधिक तिकिटे खपली. देशाची वस्ती पाच कोटींच्या आत-बाहेर, म्हणजे दर आठ माणसांमागे एक तिकीट म्हणा ना! जन हे आडनाव आणि ऊ-ची हे नाव. कोरियात आडनाव आधी लावतात. कांग दोंग-वन नावाच्या देखण्या नटाने ही भूमिका केली आहे.

चित्रपट हाणामारीचा, जादूटोण्याचा आणि हसवणुकीचा. पाचशे वर्षांपूर्वी हा ऊ-ची ढगावर बसून, वाजंत्री लावून, राजाच्या दरबारात उतरतो. ‘मी स्वर्गाधिपतीचा पुत्र’ अशी बतावणी करतो आणि राजाला लोटांगण घालायला लावतो. पुढे त्याच्या गुरूचा खून होतो आणि त्याचा आळ त्याच्यावरच येतो. तीन सिद्धपुरुष त्याला एका गुंडाळीच्या चित्रात कोंडून टाकतात. त्याच्याबरोबर कोंडला जातो त्याचा चेला चोरेंगी. हा मुळात कुत्रा, मंत्राने माणसाच्या रूपात आलेला. पाचशे वर्षांनी, आजच्या सोल शहरात, भुतेखेते मोकाट सुटतात, तेव्हा त्याच सिद्धपुरुषांना या खट्याळ पोराची आठवण येते. चित्र उलगडतात, त्याला बाहेर काढतात, आणि मग पिवळ्या कागदावरच्या मंतरलेल्या चिठ्ठ्या उधळीत हा गडी उंच उंच इमारतींच्या भिंतींवरून धावत सुटतो. सगळी झटापट एका बासरीसाठी. ती बासरीही दिग्दर्शकाच्या पदरची नव्हे. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात तिची कथा आहे. ती वाजवली की शत्रू मागे हटतो, रोगराई जाते, अवर्षणात पाऊस पडतो आणि अतिवृष्टीत उघाड पडते. शेतकऱ्याच्या घरी असावी अशीच बासरी, नाही का?

आता शिक्षक मंडळींपैकी कोणी विचारतील, ‘हे सगळे करमणुकीचे झाले. यात इतिहास कुठे आहे?’ इतिहास आहे, आणि चांगला पोटाशी भिडणारा आहे. त्यासाठी पडद्यापासून उठून आपल्याला सोळाव्या शतकात जावे लागेल.

त्या वेळी कोरियावर जोसॉन घराण्याचे राज्य होते. हे राज्य १३९२ साली स्थापन झाले आणि १९१० साली जपान्यांनी गिळेपर्यंत टिकले. राज्याचा धर्म म्हणा, शिस्त म्हणा, कन्फ्यूशसची होती. परीक्षा द्यायची, चिनी लिपीतले ग्रंथ मुखोद्गत करायचे, अधिकारी व्हायचे. १५०६ साली जुलमी राजाला पदच्युत करून दरबाऱ्यांनी जुंगजोंग याला गादीवर बसवले. पण ज्यांनी बसवले त्यांचा वचक राजावर कायम राहिला. जो ग्वांग-जो नावाचा एक तडफदार विद्वान पुढे आला, सुधारणा करू लागला, आणि १५१९ साली विरोधकांनी कारस्थान करून त्याला विष घ्यायला लावले. त्याच्या पाठीराख्यांपैकी कित्येकांची तीच गत झाली, कित्येक हद्दपार झाले.

दरबारात ही कापाकापी, तर गावात काय चालले होते? सरकारचा कर बऱ्याच अंशी जिन्नसांच्या रूपाने द्यावा लागे. अमुक गावाने मध द्यावा, तमुक गावाने कातडी, आणखी एखाद्याने मासळी. आता तो जिन्नस त्या गावात पिकतो की नाही याची चौकशी कोण करतो! मग मधला दलाल पुढे येई. ‘तुमच्या वतीने मी भरतो’ म्हणे आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट शेतकऱ्याकडून उकळी. असली ओझी सहन न होऊन माणसे गाव सोडून डोंगरात जात. १५६२ साली मारला गेलेला इम कक-जंग हा नामांकित दरोडेखोर अशाच माणसांचा पुढारी होता. खाटकाच्या जातीत जन्मलेला. त्याचा मुलूख ह्वांगहे प्रांत. हे प्रांताचे नाव जरा ध्यानात असू द्या.

या काळात जन ऊ-ची नावाचा माणूस खरोखर होऊन गेला असे दिसते. तो कोणी दैत्य-देव नव्हता. चार बुके शिकलेला, कविता करणारा, हातचलाखीत वाकबगार असा माणूस. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या विद्वानांनी आपल्या टिपणवह्यांत त्याच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत. ई सू-ग्वांग यांच्या १६१४ सालच्या ‘जिबाँग यूसॉल’ या संग्रहात तो येतो, यू माँग-इन यांच्या ‘ऑऊ यादाम’मध्येही येतो. तोंडातला भात फुंकला की त्याची पांढरी फुलपाखरे होऊन उडत. स्वर्गातला पीच त्याने तोडून आणला. आपल्या जत्रेतल्या गारुड्याच्या तोडीच्या या गोष्टी आहेत. पण शेवट गारुड्यासारखा हसरा नाही. लोकांना भुलवतो, खोट्या विद्येने नादी लावतो, या आरोपावरून त्याला पकडले. तुरुंग होता सिनचॉन गावचा, म्हणजे त्याच ह्वांगहे प्रांतातला. तिथे तो कोठडीत मेला. अधिकाऱ्याने त्याला पुरून टाकले. पुढे नातेवाईक अस्थी हलवायला आले, थडगे उकरले, तर पेटी रिकामी!

आता या हकिकतीकडे जरा थांबून पाहू या. ती लिहिणारे सगळे अधिकारी वर्गातले लोक. त्यांची लिपी चिनी. त्यांच्या लेखी हा एक नवलाचा, पण धोक्याचा माणूस. त्या काळात ताओ पंथावर आधीच गंडांतर आले होते. ताओ पंथ म्हणजे चीनमधून आलेली साधनेची वाट. श्वासाची उपासना, दीर्घायुष्य, मंत्र, चिठ्ठ्या. आपल्याकडच्या नाथसिद्धांच्या कथा आठवा, म्हणजे साधारण कल्पना येईल. दरबारात या पंथाची पूजाअर्चा करणारी एक कचेरी होती. तीही जो ग्वांग-जो याच्या हट्टामुळे १५१८ साली बंद झाली. पुढे ती पुन्हा उघडली, पण शतक संपता संपता जपानी स्वारीनंतर कायमची मिटली. तेव्हा गावोगाव फिरून चमत्कार करणारा आणि भोवती माणसे जमवणारा माणूस सरकारला का खुपला, हे सांगायला नको. माणसे जमतात, तिथे आज फुलपाखरे उडतात, पण उद्या काय उडेल?

सरकारी कागदातली गोष्ट इथे संपते. लोकांची गोष्ट इथे सुरू होते.

ती सुरू व्हायला एक साधन लागले, ते म्हणजे लिपी. सेजोंग राजाने १४४३ साली कोरियन भाषेसाठी अठ्ठावीस अक्षरांची सोपी लिपी तयार करवली आणि १४४६ साली ती जाहीर केली. सामान्य माणसाला चिनी अक्षरे येत नाहीत, मनातले सांगता येत नाही, म्हणून ही अक्षरे, असे राजाने स्वतःच सांगितले होते. दरबारी पंडितांनी १४४४ साली तिला विरोध केला. चिनी सोडून वेगळी अक्षरे करणे म्हणजे रानटी होणे, असा त्यांचा मुद्दा. विद्वान माणूस किती अडाणी बोलू शकतो याचे हे एक उदाहरण! पुढे शतकानुशतके ही लिपी बायकांची, व्यापाऱ्यांची, कुळांची लिपी म्हणून राहिली. आणि तिच्यातच कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. होंग गिल-दोंग हा दासीपुत्र वीर तिच्यातच गाजला, आणि त्याच्यामागोमाग जन ऊ-ची. लेखक कोण, ते कळत नाही. नाव लिहिण्यात शहाणपण नव्हते.

ही पुस्तके लोकांपर्यंत कशी जात, तेही ऐका. अठराव्या शतकात सोलमध्ये भाड्याने पुस्तके देणारी दुकाने निघाली. बायका केसांतले आकडे आणि बांगड्या विकून, कर्ज काढून गोष्टींची पुस्तके आणतात, अशी तक्रार एका मंत्र्याने लिहून ठेवली आहे. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी बाजारात कथा वाचणारे बसत. हा वाचणारा पक्का असे. गोष्ट ऐन रंगात आली की एकदम गप्प. लोक पैसे फेकीत, मग पुढचे पान. १७९० सालची एक हकिकत दरबारी दप्तरात नोंदलेली आहे. सोलच्या बाजारात तंबाखूच्या दुकानापाशी असाच एकजण कथा वाचत होता. नायक संकटात सापडतो, त्याचा घात होतो, असा प्रसंग आला. ऐकणाऱ्यांतला एक माणूस डोळे फाडून उठला, तंबाखू कापायची सुरी उचलली आणि वाचणाऱ्याच्याच अंगात खुपसली. वाचणारा जागीच मेला. गोष्टीतला अन्याय त्याला गोष्टीतला वाटलाच नाही! शिक्षकहो, हे उदाहरण वर्गात सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण कथेची ताकद मोजायला याहून मोठे माप माझ्यापाशी नाही.

तर या लोकांसाठी लिहिलेला ऊ-ची काय करतो? गोष्टीच्या सुरुवातीलाच समुद्रकाठचे दक्षिणेकडचे गाव येतात. चाच्यांनी लुटलेले, वर दुष्काळ. माणसांचे हाल कुत्रा खात नाही. आणि दरबारी मंडळी एकमेकांचे पाय ओढण्यात दंग. हे पाहून ऊ-ची स्वर्गाच्या अधिकाऱ्याचे सोंग घेतो आणि ढगावरून राजासमोर उतरतो. म्हणतो, ‘स्वर्गात नवा महाल बांधायचा आहे. प्रत्येक देशाने सोन्याची एक तुळई द्यावी.’ राजा घाबरतो, देशभरचे सोने गोळा करतो, तुळई ओततो आणि हात जोडून देतो. ऊ-ची ती घेऊन जातो, तिचा तुकडा परमुलखात विकतो, त्याचे तांदूळ घेतो आणि उपाशी गावांत वाटून टाकतो. वरती पत्रक लावून लोकांना सांगतो, हे तांदूळ कुणाचे आणि का. बघा बरे, जादू किती थोडी आहे! ढगाचा देखावा सोडला तर बाकीचे काम म्हणजे धान्यवाटपच. जे राजाच्या कोठारातून व्हायला पाहिजे होते, ते करायला एक मांत्रिक लागला.

पुढे त्याला पकडतात. तो एका सुरईत शिरतो. शिपाई बूच मारतात, राजापुढे नेतात. राजा सुरई फोडायला लावतो, तर प्रत्येक तुकडा ओरडतो, ‘मी ऊ-ची, मी ऊ-ची!’ मला वाटते, बाजारात हे वाचले जात असताना ऐकणाऱ्यांत हशा पिकला असेल, आणि त्या हशात थोडी धमकीही असेल.

पण हे पुस्तक नुसते गरिबांची पाठ थोपटत नाही, हे मला विशेष आवडते. हान जा-ग्यंग नावाचा एक गरीब माणूस आहे. बाप वारला, म्हातारी आई घरी, पैसा नाही. ऊ-ची त्याला एक चित्र देतो. चित्रात एक कोठार आणि कोठीवाला रंगवलेला. हाक मारली की कोठीवाला बाहेर येतो. पहिल्या दिवशी शंभर न्यांग मागायचे आणि पुढे रोज एकच न्यांग, एवढीच अट. तेवढ्यात मायलेकरांचे निभावते. पण एके दिवशी हान जा-ग्यंगला मोह सुटतो. आणखी शंभर एकदम मागतो, कोठीवाल्याच्या मागोमाग कोठारात शिरतो आणि दार बंद होते. डोळे उघडून पाहतो तो, ते राजाचे खरेखुरे कोठार! चोर म्हणून धरला जातो. म्हणजे रोजचा तो न्यांग कुठून येत होता, तेही आपल्याला कळते.

शेवटी ऊ-चीवर राजद्रोहाचा आळ येतो. मान उडवायची वेळ. तो म्हणतो, ‘एक इच्छा आहे. चित्र काढायचे आहे.’ राजा परवानगी देतो. ऊ-ची डोंगर काढतो, पाणी काढतो, एक गाढव काढतो. मग सर्वांदेखत त्या गाढवावर बसतो आणि चित्रातल्या डोंगरात निघून जातो. समोर राहतो कागद.

या पुस्तकाची लाकडी ठशांवरची एक आवृत्ती १८४७ सालची आहे. १९१४ साली, म्हणजे देश जपानच्या टाचेखाली असताना, सोलच्या सिनमुनग्वान प्रकाशनाने ते स्वस्त मालेत पुन्हा छापले. किंमत सहा जन, म्हणून त्या मालेला लोक ‘सहा पैशांच्या कादंबऱ्या’ म्हणत तसे म्हणा. मालक देश गिळून बसला असता राजाला टोपी घालणाऱ्या माणसाचे पुस्तक गरिबाच्या खिशाला परवडेल असे छापले गेले, ही गोष्ट मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

आता पुन्हा चित्रपटाकडे वळू. पुस्तकात चित्र ही सुटकेची वाट होती. चित्रपटात तेच चित्र तुरुंग झाले आहे. दिग्दर्शकाने नेमके उलटे केले. त्यात त्याची सोय आहे. नायकाला पाचशे वर्षे कुठेतरी ठेवायचा होता. पण आणखी एक फरक आहे, तो सोयीचा नाही. दरबारातला ढग आला, वाजंत्री आली, राजाची फजिती आली. उपाशी गाव मात्र मागे पडले. चित्रपटातल्या ऊ-चीला मुख्य हाव आहे ती जोसॉनमधला सर्वांत नामांकित सिद्ध म्हणवून घेण्याची. त्याची मस्ती, त्याची जिरणे आणि त्याचे शहाणे होणे, यावर कथा चालते. हसू भरपूर येते, हे कबूल. चोरेंगीचे काम करणारा यू हे-जिन तर फारच बहारीचा. चोरेंगी हे नावही जुने आहे. हाहवे गावच्या मुखवट्यांच्या खेळात नको तिथे तोंड घालणारा जो नोकर असतो, त्याचे हे नाव. म्हणजे मुळं तोडलेली नाहीत. पण सोन्याची तुळई जिच्यासाठी मागितली होती ती भूक गेली, आणि भूक गेली की मांत्रिकाचा नुसता जादूगार होतो. पोटभर जेवलेल्या देशाने आपल्या जुन्या गोष्टीत काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहणे हासुद्धा इतिहासच आहे. त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. दुष्काळ विसरता येणे हे केवढे भाग्य!

एका माणसाबद्दल मात्र तक्रार करावीशी वाटते. चित्रपटातला खलपुरुष ह्वादाम. किम यून-सक या समर्थ नटाने तो रंगवला आहे. वरून शांत, आतून भूत. हा ह्वादाम खरोखरीचा पुरुष होता. त्याचे नाव सो ग्यंग-दक, जन्म १४८९, मृत्यू १५४६. केसाँग गावाजवळ ह्वादाम नावाच्या डोहाकाठी झोपडी बांधून राहिला, म्हणून ते नाव पडले. सरकारी नोकरी चालून आली तरी घेतली नाही. लहानपणची त्याची आठवण सांगतात ती तुम्हां शेतकऱ्यांना आवडेल. आईबापांनी रानभाजी खुडायला पाठवले, तर पोरगे रोज उशिरा घरी येई आणि टोपली अर्धी रिकामी. विचारले तर म्हणाले, ‘एक पाखरू आहे. पहिल्या दिवशी जमिनीपासून वीतभर उडाले, दुसऱ्या दिवशी दोन वीत. रोज जास्त का उडते, याचा विचार करीत बसतो.’ मोठेपणी भिंतीवर वस्तूंची नावे लिहून तो त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत बसे. सगळी सृष्टी एकाच प्राणशक्तीच्या साकळण्यातून आणि विरण्यातून होते, असा त्याचा सिद्धान्त.

अशा माणसाला भूत केले याचा राग येतो खरा, पण त्याला जादूच्या गोष्टीत पहिल्यांदा ओढले ते लोकांनीच. कादंबरीत ऊ-ची एका विधवेला मित्रासाठी पळवायला जातो, म्हणजे इथे नायकाचा पाय घसरतो, आणि त्याला कान धरून वठणीवर आणणारा एक पोरगा भेटतो. त्यानंतर तो ह्वादामपाशी येतो. दोघांची विद्येची झुंज होते आणि ऊ-ची हरतो. मग मुकाट्याने त्याचा शिष्य होऊन डोंगरात निघून जातो. राजाला हरवणारा मांत्रिक हरला तर कोणापुढे हरला? सेनापतीपुढे नव्हे, मंत्र्यापुढे नव्हे. पाखराकडे पाहत बसणाऱ्या, नोकरी नाकारणाऱ्या एका मास्तरापुढे.

ह्वादामच्या खऱ्या शिष्यांपैकी एक होता चा सिक, तोही केसाँगचाच. त्याच्या मुलाने, चा चन-रो याने, आपल्या टिपणांत वडिलांची एक हकिकत लिहून ठेवली आहे. एके दिवशी ऊ-ची त्यांच्या घरी आला आणि चिनी महाकवी तू फू याच्या कवितांची पोथी वाचायला मागितली. चा सिक याने ती दिली. ऊ-ची पोथी घेऊन निघून गेला. तो मरून बरेच दिवस झाले होते, हे चा सिक याला मागाहून कळले.